निर्दोष ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. मुख्य अन्नतपासणी अधिकारी,
मंडई विभाग.

विषय : मला निर्दोष ठरवणारा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : अळंबी विषबाधा चौकशी, आपला गेल्या सोमवारचा आदेश.

महोदय,

मी मंडईतील अळंबी तपासणीच्या खिडकीवर तपासनीस आहे. लोक रानातून अळंबी आणतात, खावी की टाकावी ते मी सांगतो. माझ्या सासूबाईंना विषबाधा झाली, पण त्यांनी अळंबी मला न दाखवताच खाल्ली, सबब माझा दोष नाही, असे आपला आदेश म्हणतो. हे खोटे आहे. त्यांनी दाखवली होती आणि मी पास केली होती.

१. अळंबी गदाकवकांच्या गटात मोडते. या गटाचे बीजाणू गदेसारख्या पेशींच्या टोकांवर, बहुधा चार-चार, उघड्यावर येतात. पिशवीत बीजाणू धरणाऱ्या बुरशा निराळ्या. मात्र गट एक म्हणून गुण एक नव्हेत. चवीने खावी ती आणि यकृत निकामी करते ती, दोघी याच घरच्या. त्या घातकी जातीची खूण म्हणजे पांढरे बीजाणू, देठावर कडे आणि बुडाशी मातीत दडलेली वाटी. म्हणून मुळासकट उपटलेलीच अळंबी तपासावी, असा नियम आहे.

२. जावयाचे टेबल मातीने भरू नये म्हणून सासूबाईंनी देठ कापून, धुऊन आणली. परत पाठवायला हवी होती. पण रांगेसमोर सासूला परत कसे पाठवायचे? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. मी वरवर पाहिले आणि ‘खुशाल खा’ म्हणालो.

३. डॉक्टरांना मी लगेच खरे सांगितले. आपले कर्मचारी जबाब घ्यायला आले तेव्हा मात्र सासूबाईच बोलल्या, “जावईबापूंना कशाला दाखवायची? मला कळतं की सगळं.” मी खाटेशेजारी फरशीकडे पाहत उभा राहिलो.

४. जन्मभर अळंबी ओळखणाऱ्या या बाईला आता गल्ली ‘जिभेपायी मरायला निघालेली म्हातारी’ म्हणते. पूर्वी शेजारणी त्यांना विचारून अळंबी शिजवत, आता विश्वासाने माझ्या खिडकीवर येतात. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आहे, साहेब, आणि चोराला मान वर करवत नाही.

तरी दोष माझ्यावर ठेवून तसा कागद मंडईच्या फळ्यावर लावावा, ही विनंती. सासूबाई काल घरी आल्या. उंबऱ्यातच त्यांनी विचारले, “खिडकी शाबूत आहे ना?” मी हो म्हणालो. ते उत्तर आपण खोटे ठरवावे.

आपला, क्षमेस अपात्र,
अळंबी तपासनीस
(सही)
दिनांक : आदेशानंतरचा गुरुवार

सोबत : १. उरलेल्या अळंबीच्या बीजाणूंचा ठसा (पांढरा). २. खिडकीचा शिक्का.