काचेवर पहिला पाय

९ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. दुकानातल्या घड्याळात बघितलंय!

मिस्बाह आली होती. माझ्या दोस्ताची, तारिकची बहीण. फोटोफ्रेमची काच तडकली होती, ती बदलायला. मी काच कापायच्या हिऱ्यानं रेघ मारत होतो. तिनं मोबाईल पुढं धरला. "हे बघ, कोकणात दरीवर काचेचा पूल झालाय. आमच्यात सगळ्यांना बघायचाय, पण पाय ठेवायला कुणी तयार न्हाई. तू काचवाला हायस. पहिला पाय तू टाकणार असशील तर मी येते."

म्हणालो, "पहिलाच काय, दोन्ही टाकतो!"

ती हसली. काच वाकडी कापली गेली. अब्बा ओरडले म्हणे. मला काही ऐकू आलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

एक गोष्ट फक्त इथं लिहितो. मी जन्मात काचेवर पाय ठेवलेला नाही. आमच्या धंद्यात काच उभी ठेवतात, उभीच नेतात. पाच वर्षांचा असताना जमिनीवरची काच नुसती ओलांडली, तर अब्बांनी पेकाटात लाथ घातली होती. आणि मी, रहिमान काचवाल्याचा पोरगा, दरीवर टांगलेल्या काचेवर चालणार!

पुलाचा व्हिडिओ बघितला. तळपायाला घाम आला. बसल्या जागी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बेत ठरला. ३० तारीख, रविवार. चौघंच — मी, तारिक, मिस्बाह, तिची मामेबहीण रुक्सार. सकाळी कराडातून निघायचं, दिवस मावळायच्या आत परत.

संध्याकाळी तारिक म्हणाला, "दादी बी येणाराय."

अख्तरबी! त्यांच्या घरात तिला विचारल्याशिवाय कुकरसुद्धा शिट्टी देत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता आम्ही तेरा आहोत. चौकातल्या बाळासोची ट्रॅव्हलर गाडी सांगितली. खिमा घ्यायचा का नुसती उकडलेली अंडी, यावर तारिकच्या घरी दीड तास. मग दादीनं नवीन काढलं — पुलावर सतरंजी अंथरायची!

"काच हाय म्हंजे खालनं माणसं वर बघत्यात की. आमी बायका उघड्या काचेवरनं न्हाई चालणार."

मी म्हणालो, "आवं दादी, खाली दरी हाय. माणूस न्हाई. माकडं असतील फार तर."

"मग माकडांनी बघितलं तर चालतंय व्हय रं?"

दुसरं कुणी असतं तर मी ताडकन उठून गेलो असतो. पण आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. म्हणालो, "आणू सतरंजी."

तारिक माझ्याकडं बघतच राहिला. "तुला ताप-बिप हाय का?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाळासो म्हणतो रविवारी लग्नाची वर्दी आली, शनिवारी चला. भर चौकात भांडलो. घरी येऊन दार आपटलं. दारातली काच गेली. या वर्षातली तिसरी!

अब्बांनी तिथं पुठ्ठा ठोकला. "तुझ्या रागापुढं काच बसवणार न्हाई मी आता." काचवाल्याच्या दाराला पुठ्ठा. अख्खी गल्ली बघून जाते.

कॉलेज सोडलं तेव्हाही दारच आपटलं होतं. दुसरं वर्ष, तोंडी परीक्षा. सर चुकीचं बोलतायत म्हणून तरातरा बाहेर पडलो. सर बरोबर होते, हे सांगलीच्या स्टँडवर पुस्तक उघडल्यावर कळलं. परत कसा जाणार? दार आपटून आलेला माणूस परत कुठल्या तोंडानं कडी वाजवणार?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाळासो स्वतःच आला. "लग्नाची वर्दी दुसऱ्याला दिली गड्या. तू मातूर ओरडू नगंस, गोठ्यात माझ्या म्हशी बुजत्यात."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तारिक दुकानात आला. "दादीनं टीपॉयवर टफन काच टाकायला सांगितलीया. एक तारखेच्या आत पायजे. पाहुणे येत्यात आटपाडीचे. मिस्बाहला बघायला."

वाण्याकडं साखर सांगावी तसं बोलला!

माप लिहून घेतलं. अठरा बाय छत्तीस, दहा एमएम, कडा गुळगुळीत. माझ्या हातानं. तिला बघायला येणाऱ्याच्या चहाच्या कपाखालची काच — माझ्या हातानं!

जेवलो नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पिठाच्या गिरणीपाशी मिस्बाह भेटली.

"पाहुणे येणारेत म्हणे."

"व्हय."

"बरंय."

"काय बरंय?"

"बरंय म्हंजे... येऊ देत."

डबा उचलून म्हणाली, "लय बोलतोस अजहर. पायजे ते सोडून." आणि गेली.

ठरलं. पुलाच्या मधोमध सांगणार. तिथून ती चटकन जाऊ शकणार नाही. मी तर नाहीच — माझे पाय हलणार नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मेलो!

टीपॉयची काच कोल्हापुरातून भट्टीत तापून, कडक होऊन आली. अब्बा माप घ्यायला वडूजला गेलेले. दुकानात कुणी नाही. मनात आलं, सराव करू. चार विटा मांडल्या, वर काच आडवी टाकली, चप्पल काढली. आधी उजवा पाय. मग डोळे मिटून डावा.

काही झालं नाही! उभा राहिलो काचेवर, रहिमान काचवाल्याचा पोरगा! हात वर केले. आनंदानं एक उडी मारली.

काच सरकली, कोपरा विटेवर आपटला. टफन काच मधोमध हातोडा सोसते, पण कोपऱ्याला जरा लागलं की संपलं. क्षणात लाख दाणे. दुकानभर खडीसाखर सांडल्यासारखे. आणि मी त्यात बसलेला.

अब्बा आले, दारातच थांबले. चपलेनं दोन दाणे बाजूला सारले. मग हळू म्हणाले, "पाहुण्यांचा राग काचेवर काढलास व्हय रं?"

म्हणजे यांना सगळं माहीत आहे!

शपथा घेतल्या. नाही पटलं. कसं पटणार? दाराला माझाच पुठ्ठा. "जा," म्हणाले, "अख्तरबीला तूच सांग."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो. दादी लसूण सोलत होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मुद्दाम फोडलीस?"

"न्हाई दादी. वर उभा राहिलो हुतो."

"काचेवर?"

"सराव करत हुतो. पुलाचा."

लसूण खाली ठेवला तिनं. "तू तर काचवाला. तुला कशाला सराव?"

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून भलतंच आलं. "मला भ्या वाटतं, दादी. लय भ्या वाटतं. मिस्बाहला सांगून बसलोय, पहिला पाय मी टाकीन म्हणून."

दादी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकदम थांबली. "आणि तिला सांगितलंस म्हणून जीव द्यायला निघालास?"

मी लसणाची सालं गोळा करायला लागलो.

"भ्या वाटतंय, पण जाणार?"

"जाणार."

"पाहुण्यांचा राग आलाय?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर हळू आवाजात दिलं. "राग न्हाई. लय वाईट वाटतंय."

तिनं पुन्हा लसूण उचलला. "जा आता." पडद्याआड कुणीतरी उभं होतं. वर बघायचा धीर झाला नाही. येताना त्यांचं दार ओढून घेतलं. आपटायचं लक्षातच आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तारिक फोन उचलत नाही. उद्या मला नेतात का नाही, तेही कळेना.

दिवसभर हाताला काम पाहिजे म्हणून दाराचा पुठ्ठा काढला. काच कापली, पट्ट्या मारल्या. अब्बांनी बघितलं. मागून हळूच एक बारीक खिळा पुढं केला.

३० नोव्हेंबर, रविवार, पहाटे

गल्लीत ट्रॅव्हलरचा हॉर्न. तारिक खालूनच ओरडला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, "दादीचा निरोप हाय! टीपॉयची काच आता नगं. आटपाडीच्या पाहुण्यांना रातीच फोन केला, येऊ नगा म्हणून!"

खिडकीशी गेलो. गाडीत मागून दुसऱ्या ओळीत मिस्बाह. वर बघत होती.

"आणि सतरंजी घेतलीया!" तारिक पुन्हा ओरडला. "बायकांसाठी न्हाई म्हणली दादी. तुझ्यासाठी!"

अख्खी गाडी हसली. ती पण.

चप्पल घातली. वही गादीखाली ठेवतो. बाहेर पडतो, आणि दार लावतो — दोन्ही हातांनी, हळू. काच नवी आहे.