शिशाच्या तोफा

अण्णा, तुम्ही केलेली शिशाची तोफ आणि मामानं मुंबईहून आणलेली पत्र्याची तोफ, दोन्ही जेवणाच्या मेजावर शेजारी शेजारी मांडून बसले आहे. सत्तरीच्या बाईला हे शोभतं का, असं तुम्ही म्हणाला असता. खुशाल म्हणा. बाहेर ओहोटी लागली आहे, आणि मला वाटतंय, तुम्ही धोतर गुडघ्यापर्यंत खोचून अलिबागच्या किल्ल्याकडे चालला आहात, मी परकर सावरत मागे. किल्ल्यातल्या तोफेवर तुम्ही विती टाकत जाता आणि म्हणता, "एक वीत म्हणजे एक तांदूळ. ध्यानात ठेव गं." सोनार ना तुम्ही, माप तांदळाचंच! घरी येऊन तेवढ्या तांदळांच्या लांबीची लाकडी तोफ कोरायची, किनाऱ्यावर मिळालेल्या माकुल माशाच्या मऊ पांढऱ्या हाडात तिचा ठसा दाबायचा आणि कोळ्यांच्या जाळ्यांचं जुनं शिसं वितळवून ओतायचं. तोफेवर त्या हाडातल्या बारीक लाटा उमटत. त्या तुम्ही कधी घासून काढल्या नाहीत.

पत्र्याची तोफ आली आणि माझी मती फिरली. लाल चाकं, आत स्प्रिंग, खटका दाबला की आगकाडी थेट माजघरात. आपली लढाई साधी: टिचकीनं वाटाणा सोडायचा, आडवी पडली ती तोफ मेली. त्या रविवारी मी नव्या तोफेनं तीन काड्या मारल्या, तुमची तोफ ढिम्म. तुमच्या पहिल्याच वाटाण्याला माझी लाल चाकं वर! मामा खो खो हसला. मला झोंबलं. "तुमच्या तोफा उडतच नाहीत, नुसते दगड आहेत!" मी ओरडले. तुम्ही वाटाणे वेचून डबीत भरलेत. चार दिवसांनी मात्र सगळ्यात देखणी तोफ आतून कोरून, तिला स्प्रिंग आणि खटका बसवून तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत. "बघ, आता उडते का." मी खटका दाबला आणि तोंडाशी शिसं चिरलं. मी हसले. अण्णा, किती वाईट हसले हो मी.

त्याच संध्याकाळी तुम्ही सगळ्या तोफा वितळवायला घेतल्यात. "एक कमी कशी?" तुम्ही विचारलंत. "मांजरानं पाडली असेल कुठेतरी," मी म्हटलं. तुम्ही मांजराकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. शेजारचा कोळी शिशाचे गोळे हातात तोलत म्हणाला, "सोनारदादा, शिसा झ्याक हाय, जाल्याला बेस." आणि आपल्या तोफा समुद्रात गेल्या. पुन्हा तुम्ही तोफ केली नाहीत. मी मागितलीही नाही, मागायला तोंड कुठे होतं? तुम्ही गेलात ते लेकीला आपल्या तोफा आवडल्या नाहीत असं समजूनच.

पत्र्याचा रंग आता हाताला लागतो, खटका कधीच बसला. तुमच्या तोफेशेजारी मी मघाशी तांदूळ मांडून पाहिले. बरोबर चौदा भरले, किल्ल्यातल्या तोफेच्या वितींइतके. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, घडी घालून तिच्याखालीच ठेवते. मांजरानं नव्हती पाडली, अण्णा. तुम्ही शेगडी फुलवत होतात तेव्हा ती चिरलेली तोफ मी परकराच्या ओच्यात लपवली. तेव्हाही मला तुमचीच आवडत होती.