शकूचा आवाज साठ मिनिटांच्या फितीवरच ठेवावा

मी, धोंडिराम सखाराम पाताडे, वय वर्षे ६८, राहणार खोली क्र. ९, दत्तकृपा चाळ, भटवाडी, घाटकोपर (पश्चिम), पूर्वी गिरणीत साचेवाला, नंतर वेताच्या खुर्च्या विणणारा, माझ्या पश्चात कोणाचा घोळ होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. सव्वीस वर्षांपूर्वी काचबिंदूने माझे दोन्ही डोळे नेले. डोके शाबूत आहे आणि कान तुम्हा सर्वांपेक्षा तल्लख आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी शकु. ती १९८१ साली वारली.

१. खोलीचा भाडेहक्क व घरातील भांडीकुंडी माझी एकुलती मुलगी सौ. क्षमा हिला मिळावीत. भिंतीतले मोठे कपाट मात्र आम्हा अंधांच्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयाचे आहे. जावईबापूंनी त्यात चपला ठेवू नयेत. मागे एकदा ठेवल्या होत्या, मला वासावरून कळले.

२. फीत सांधायचे ब्लेड, चिकटपट्टी व लाकडी खाच कु. मालन पेडणेकर हिला द्यावी. ती जन्मांध आहे व तिची बोटे माझ्याहून चलाख आहेत. साच्यावर तुटलेला धागा सांधायची मला सवय होती, तीच पुढे कामी आली. सोबत टिकल्यांची पाकिटेही तिलाच. पहिल्या बाजूला एक टिकली, दुसऱ्या बाजूला दोन, ही आमची खूण शकूने स्पूलवर, म्हणजे फितीच्या मोठ्या चकत्यांवर, सुरू केली; पुढे कॅसेटवरही आम्ही तेच चालू ठेवले. ती गेल्यावर मी टिकल्या घ्यायला जातो तेव्हा दुकानदार हसतो. हसू दे.

३. आता भांडणाचे कलम. वकीलबाई म्हणाल्या, "पाताडेकाका, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, भांडणं नाही." मी म्हणालो, "बाई, माझी मालमत्ता त्या भांडणातूनच वाचली. लिहा."

१९७४ पासून शकु आमच्यासाठी स्पूलवर पुस्तके वाचून भरीत असे. सातवी शिकलेली, मालवणची. वाचता वाचता पात्रांवर रागवायची. पुस्तकातला नवरा घर सोडून निघाला की मध्येच "मेल्या, पोरांचो इचार कर!" म्हणायची आणि पुढचे वाक्य वाचायची. ऐकणारे खूश. स्पूलचा आवाज भरदार, फीत दणकट, पण यंत्र उचलायला दोन माणसे लागत. म्हणून १९८३ साली हातात मावणारे कॅसेट प्लेअर मिळाले तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. प्रश्न एवढाच होता की कॅसेट कोणती घ्यायची.

आमचे अध्यक्ष श्री. मनोहर केळुसकर, राहणार विलेपार्ले, डोळस व सुशिक्षित. त्यांनी एकशेवीस मिनिटांची कॅसेट टेबलावर, विजेवर, एकदा सरळ वाजवून पाहिली. झकास वाजली. पुस्तक निम्म्या कॅसेटींत बसते, उलटायचा त्रास कमी, म्हणून ठराव मंजूर झाला. त्याच ठरावात असेही होते की शकूची आठ स्पूल कॅसेटवर उतरवून पुसावीत व त्यांवर नवा वाचक घ्यावा, कारण "बाईंचे उच्चार गावठी आहेत." शकूला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मग तिचा आवाज त्या एकशेवीसच्या फितीखेरीज कुठेही उरणार नव्हता, आणि फोटो माझ्या काय कामाचा? त्या दिवशी मी घरी येऊन रडलो, हे इथे प्रथमच सांगतो.

चूक कुठे होती ते सांगतो. डोळस माणूस कॅसेटच्या खिडकीतून पाहतो, किती फीत उरली. आम्ही कानाने शोधतो. थोडे मागे, थोडे पुढे, पुन्हा मागे, एका पानासाठी दहा वेळा. एकशेवीसची फीत साठच्या निम्म्या जाडीची. प्लेअरचे सेल उतरले की ती चाकाला गुंडाळली जाते. हे सांगितले तर अध्यक्ष म्हणाले, "अहो, नीट वापरा ना!" मी म्हणालो, "साहेब, परीक्षा आम्ही घेतो."

शकूचेच एक पुस्तक घेतले. सहा सभासदांना साठच्या कॅसेटी, सहांना एकशेवीसच्या. पंधरा दिवस, खिशात, पिशवीत, ओट्यावर. पंधराव्या दिवशी माझ्या खोलीत सभा भरली. साठच्या सगळ्या वाजल्या. मालनची आमटीत पडली होती, पुसून तीही वाजली. एकशेवीस घेतलेल्या सहांपैकी पाच जणांनी नुसता गुंता आणला. सहावा महादू. त्याची वाजली, कारण त्याने प्लेअर उघडलाच नव्हता.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "पण बाईंची स्पूल तर पुसली गेली." तेव्हा मी कॉटखालून ट्रंक ओढली. कॅसेटवर उतरवायचे काम माझ्याकडेच होते; ते झाल्यावर पुसायला म्हणून समितीला मी दिलेली आठ स्पूल कोरी होती, नवी विकत आणलेली. मूळची माझ्याजवळच होती. मी यंत्र लावले आणि त्या भरल्या सभेत शकु कडाडली, "मेल्या, पोरांचो इचार कर!" टाळ्या थांबेनात. शकु, आपण जिंकलो गं.

४. ही आठ स्पूल वाचनालयास. ती कोणीही, कोणत्याही ठरावाने पुसू नयेत. त्यांवरून प्रती काढाव्यात त्या फक्त साठ मिनिटांच्या कॅसेटवर. माझी पोस्टातली सर्व शिल्लक त्यासाठीच आहे. क्षमाची याला संमती आहे.

५. त्या पाच कॅसेटींचा गुंता बिस्किटांच्या डब्यात मी जपून ठेवला आहे. तो श्री. केळुसकर यांना द्यावा, असे लिहवणार होतो. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मातोश्री अंजनाबाईंची नजर गेली. ते आमच्याकडे कॅसेटी न्यायला आले. शुद्ध उच्चारांच्या दिल्या, तर आठवड्यात परत. म्हातारी म्हणाली, "माका तीच बाई व्हयी, वाचता वाचता रागावता ती." तेव्हापासून दर शनिवारी अध्यक्ष स्वतः शकूच्या कॅसेटी नेतात, टिकल्या सांभाळून. परवा म्हणाले, "पाताडे, साक्षीदार म्हणून मला घ्या." वकीलबाईंचे म्हणणे, साक्षीदाराला काही ठेवू नये. म्हणून डबा रद्द.

हे मृत्युपत्र श्री. केळुसकर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. उच्चार स्वच्छ आहेत. रागावता मात्र येत नाही. ऐकून, समजून, मी अंगठा न लावता सही करीत आहे.

स्थळ: घाटकोपर. दिनांक: १४ नोव्हेंबर १९८७.

(सही) धोंडिराम सखाराम पाताडे

साक्षीदार:
१. (सही) प्रेमा राणे, वकील
२. (सही) मनोहर केळुसकर. कलम ३ मधील सर्व मजकूर खरा आहे. चूक माझी होती. आईने बाईंना नमस्कार सांगितला आहे.