तुझी चाळीस झाडं

प्रिय मिरलान,

पाकीट पिशवीच्या तोंडाशीच ठेवलं आहे, म्हणजे जर्दाळू तोंडात टाकण्याआधी ते हाताला लागेल. शेजारच्या साबिराचा मुलगा परवा येकातेरिनबर्गला निघतोय, त्याच्याबरोबर पाठवते आहे. रोज फोनवर बोलतो आपण, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन बाबांच्या गुडघ्यावर असतो, आई मागून डोकावत असते, तुझा दानियार मध्येच नाक दाबून माकडासारखं तोंड करतो आणि हसण्यातच वेळ जातो. तसं आम्ही हसायलाच फोन करतो म्हणा. पण काही गोष्टी त्या हसण्यात राहून गेल्या, त्या आज लिहिते.

जर्दाळू यंदा भरपूर आला. एप्रिलच्या गारठ्यात नदीकडच्या बागांचा मोहोर गेला, आपला वाचला. पिशवीतले काळपट, सुरकुतलेले आहेत ते जुन्या झाडांचे, तुझ्या आवडीचे. मोठे, फिकट आहेत ते मी कलम केलेल्या रोपांचे, यंदा पहिल्यांदाच धरले. बाबांनी एक चाखला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, गोड आहे, पण घाईत पिकलाय. आईनं लगेच ऐकवलं, की पन्नास वर्षांत माझ्या हातच्या रोटीला चांगलं म्हणाला नाहीत, त्या बिचाऱ्या जर्दाळूचं काय घेऊन बसलात. मी मात्र दोन दिवस त्या ‘गोड आहे’वर काढले.

तुझी झाडं आठवतात का रे? पाटाच्या काठची? तू जन्मलास त्या वसंतात बाबांनी चाळीस पॉप्लर लावले. मी अकरा वर्षांची होते. खड्ड्यात रोप सरळ धरून उभं राहायचं काम माझं. मुलगा वीस वर्षांचा होईतो झाडं तुळयांएवढी होतील, मग तोडून त्याच्या घराचं छत घालू, असं बाबा प्रत्येक रोपाला माती लोटताना सांगत होते. मी विचारलं, माझ्या वेळी किती लावली होती? तर म्हणाले, तुझं छत कुणीतरी दुसऱ्याच गावात लावून ठेवलंय. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. कुठल्याशा अनोळखी पाटावर माझ्यासाठी झाडं वाढताहेत, ती कशी दिसत असतील, असा विचार करत मी कितीदा झोपी गेले. झाडं होती खरी. छतही चांगलं होतं. त्या छताखालच्या माणसाबद्दल मी आज काही लिहीत नाही.

दर नवरोजला बाबा तुला तिसऱ्या झाडाला टेकवून उभं करायचे आणि डोक्याच्या वर सुरीनं खूण करायचे. तू टाचा उचलायचास. बाबांना ते दिसायचं, तरी खूण टाचा उचललेल्या उंचीवरच व्हायची. मला वाटायचं, हा तर निव्वळ पक्षपात. आता वाटतं, ते तुला मोजत नव्हते, तुझी वाट बघत होते.

तू एकवीसचा झालास आणि एका हंगामाच्या कामासाठी म्हणून तिकडे गेलास. त्याला पंधरा वर्षं झाली. तुळया व्हायचं वय झाडांनी केव्हाच ओलांडलं. करवतवाला गेल्या वर्षी येऊन एकेका खोडावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून गेला. म्हणाला, आणखी दोन-तीन वर्षं ठेवलीत तर आतून पोकळ होतील, मग ती फक्त चुलीत घालायची. मुळं पाटात शिरली आहेत. खालच्या तीन ओळींतल्या जर्दाळूंना पाणी पोचत नाही, आणि ज्यांना पोचतं त्यांच्यावर सावली पडते. जर्दाळूची अकरा झाडं वाळली. बाबांना दाखवलं, तर म्हणायचे, काही होत नाही, मिरलान आला की बघू.

बारा वर्षांपूर्वी मी एक पेटी घेऊन परत आले, तेव्हा त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दाराशी कुदळ उभी होती. वरच्या वाफ्यांना पाणी लाव, एवढंच बोलले. तेव्हापासून पाण्याची पाळी आली की दारं मीच धरते. छाटणी माझी, कलमं माझी, व्यापाऱ्याशी भांडण माझं. गावातल्या बायका अजून विचारतात, बुरुल, माहेरपणाला किती दिवस राहणार? मी सांगते, जर्दाळू संपेपर्यंत.

आता ते लिहिते, जे लिहायला हात मागे-पुढे होतोय. दोन वर्षांपूर्वी तू फ्लॅट घेतलास आणि मला, तुझ्या ताईला, म्हणालास, एजे, बाबांना इतक्यात सांगू नकोस. मी तोंड मिटलं. तुझ्यासाठी मिटलं असं मी स्वतःला सांगत आले. पण तू येणार नाहीस हे एकदा मोठ्यानं बोललं गेलं, की बागेचं काय, हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर कदाचित मी नसेन, ही भीती जास्त होती. आणि बाबा? ते शहात्तराव्या वर्षी तुझ्या घराच्या पायासाठी नदीतले दगड आणून रचत होते. गाढवाच्या पाठीवर गोण्या बांधून मीच देत होते, मिरलान. मी त्यांना थांबवलं नाही. धाकट्याच्या हाती कुदळ दिल्याशिवाय बापानं बसायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

जूनमध्ये मी बाजारात गेले होते आणि आपली पाळी लवकर लागली. बाबा एकटेच दारं धरायला गेले. खाली बसले ते गुडघा उठूच देईना. पाणी फुटून साबिराच्या बटाट्यांत शिरलं. तासाभरानं पाणी वाटणारा कोचकोर मुराब तिथून गेला, त्यानं त्यांना उठवलं. ओरडला नाही. बाबांना तेच लागलं. मुराब ज्याच्यावर ओरडत नाही तो म्हातारा झाला, असं दोन दिवस पुटपुटत होते. तुला फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं, ती ही सर्दी.

गेल्या शुक्रवारी कोचकोर वही घेऊन आला. पुढच्या वर्षीच्या पाळ्यांची यादी करायची होती. अंगणात बसला, चहा झाला, मग विचारलं, या घरी नाव कुणाचं लिहू? बाबा वाटीच्या तळाशी बघत राहिले. आई रोटी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “पाण्यात पाय कुणाचे असतात ते लिही. बारा वर्षं तुझ्या डोळ्यांत काय गेलं होतं?” कोचकोर हसला नाही. बाबाही नाही. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, “बुरुल लिही.”

मी आत गेले आणि उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासली.

संध्याकाळी ते मला पाटावर घेऊन गेले. काठी टेकत, चाळीसही झाडांवरून हात फिरवत. तिसऱ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता सांगायलाच हवं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, “त्यानं तिकडे घर घेतलंय ना?” मी झटकन त्यांच्याकडे वळले. ते म्हणाले, “गेल्या हिवाळ्यात दानियार फोन घेऊन धावत होता. मागे दाराच्या चौकटीवर खुणा दिसल्या. एकावर एक, दोन. भाड्याच्या घराच्या दारावर कुणी पोराची उंची कोरत नाही.”

म्हणजे त्यांना आठ महिने माहीत होतं. तू त्यांना जपत होतास, मी तुला जपत होते, आणि ते आपल्या दोघांना जपत दगड रचत होते. मला रडू आलं, तर म्हणाले, दगड वाया जात नाहीत, त्यावर जर्दाळू वाळवायची शेड बांध. मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? ते खुणांवर अंगठा फिरवत म्हणाले, कोरायला तरी माझ्याकडूनच शिकलाय.

मी आधी लिहिलं होतं, की तू परत आलास तर बाग आनंदानं तुझ्या हाती देईन. ते खोडलं, तुला खाडाखोड दिसेलच. आनंदानं नाही देणार. पण देईन, आणि दारं कशी धरायची तेही शिकवीन, कारण तू ती कायम चुकीची धरायचास. मला ही बाग हवी आहे, मिरलान. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.

करवतवाला पंधरा तारखेला मोकळा आहे. शेडला तुळया लागतील आणि खालच्या तीन ओळींना ऊन लागेल. पण बाबा म्हणाले, झाडं त्याच्या नावानं लावली आहेत, त्याला विचारल्याशिवाय मी एकालाही हात लावू देणार नाही, आणि फोनवर विचारलं तर तो मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलेल, तू लिही. म्हणून हे पत्र. तुझी झाडं तोडू का रे? उत्तर मला नको देऊस, त्यांना दे. त्यांना फोन कर, दानियारला थोडा वेळ बाहेर खेळायला पाठव, आणि घराबद्दल स्वतःच्या तोंडानं सांग. ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतील, तूही त्यांना तसं ऐकू दे. हो म्हणालास तर एकोणचाळीस तोडू. तिसऱ्याबद्दल त्यांनी तुला विचारायला सांगितलेलं नाही. तिथे त्यांनी आजच एक बाक ठेवून घेतलाय आणि दुपारपासून त्यावर नुसते बसून आहेत.

तुझीच,
एजे बुरुल