पंखाचं टोक

लिंडेनहाल्डे,
रविवार, ८ नोव्हेंबर १९५९

प्रिय एबरहार्ट दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. इथे धुकं बसलंय ते उठायचं नाव घेत नाही. यंदाची सफरचंदाची दारू आंबट झाली, तरी पितोय. बेकर श्टायब अजून रोज विचारतो, "काय ओटमार, तुझ्या बाथटबात अंघोळीला कधी बसायचं?" काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून बनवलेलं माझं बिनइंजिनाचं ग्लायडर म्हणजे गावाला बाथटबच वाटतो. पूर्वी मी उलट बोलायचो. आता पाव घेतो आणि निघतो.

आज ते उडायचं होतं. उडालं नाही.

चार वर्षांपूर्वी तू रंधा उचलून फर्निचरच्या कारखान्यात निघून गेलास, तेव्हा म्हणाला होतास, "लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, माणसाला सावध करतं. तुझी काच मुकी आहे. मुक्याच्या खांद्यावर कुणाला बसवू नकोस." मी तुला म्हातारा म्हणालो होतो. असो.

मागच्या शनिवारी पंखाची परीक्षा झाली. बाबांच्या वेळेसारखीच: पंख उलटा ठेवला, वर वाळूची पोती रचली आणि मोडलाच तर झेलायला दोन्ही टोकांखाली लाकडी घोड्या. त्या तू बनवलेल्याच. उंचीही तीच ठेवली. पंख वाकत गेला, वाकत गेला, पण सगळी पोती त्यानं पेलली. सरकारी तपासनीसानं माझा हात हातात घेऊन दाबला. मला रडू आलं, दादा. खोटं कशाला सांगू?

आवराआवर करताना माझ्या हाताखालच्या पोरीनं घोडीवरची जुनी घोंगडी उचलली. ती पार चेपली होती. "काका," ती म्हणाली, "पंखानं कसलं पेललंय! घोडीवर डोकं टेकून झोपला होता तो."

लाकडी पंख वीतभर वाकला की मोडतो, म्हणून आपल्या घोड्या एवढ्या उंच. काच पुरुषभर वाकते. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आम्ही सगळे लाकडावर वाढलेले. शेवटची पोती पंखावर नव्हतीच, तुझ्या घोड्यांवर होती. मी तिला म्हणालो, "तपासनीस खूश होऊन गेलाय, राहू दे आता." थकलो होतो मी. ती म्हणाली, "उडायचं तुम्हाला नाहीये, मला आहे. घोड्या खाली घ्या आणि पुन्हा लादा."

काल घोड्या खाली घेऊन लादली. निम्म्याहून थोडी जास्त पोती झाली असतील. टक्. एकच आवाज, आधी काही नाही. तुझं खरं निघालं, काच कुरकुरली नाही. पंख धडाला जोडतो त्या बुंध्याजवळ कापड आतून पांढरं, कोरडं होतं. गेल्या हिवाळ्यात शेगडी विझली होती, राळ मुरायच्या आधीच घट्ट झाली. वरून चकचकीत. चार वर्षांचं काम जमिनीवर पडलं आणि मी पोत्यावर बसून राहिलो.

पोरगी मात्र मोडलेल्या बुंध्यात हात घालून चाचपत होती. आज सकाळी येऊन पाहतो, तर नवीन कापड तिरकं कापायला घेतलंय.

आता सांगतोच, किती वळसे घालू? ही पोरगी म्हणजे तुझी गेर्लिंड. दर शनिवारी ती गाण्याच्या मंडळात जाते असं तुला वाटतं. वहिनींना ठाऊक आहे. त्यांच्यावर ओरडू नकोस, माझ्यावर ओरड. दोन वर्षं ती इथे राळेत हात बुडवते आहे आणि गावात तिच्याइतकं हलक्या हातानं कुणी उडवत नाही. आज त्या पंखांवर ती बसणार होती, दादा. काल रात्रीपासून मला दुसरं काही सुचत नाही.

तिला थांबव म्हणशील तर मला जमणार नाही. तुलाही जमणार नाही, ती तुझ्यावरच गेली आहे. वसंतात ती बसेलच.

बाबांचा नियम तुला आठवत असेल. पहिल्या उड्डाणाला ग्लायडर हवेत जाईपर्यंत पंख कलू नये म्हणून त्याचं टोक धरून त्यानंच धावायचं, ज्याचा यंत्रावर सगळ्यात कमी विश्वास. मनात पाल चुकचुकली की त्यानं टोक गवतावर टेकवायचं, उड्डाण तिथेच रद्द, कुणी का म्हणून विचारायचं नाही. मी ते टोक धरू शकत नाही. माझा अजूनही विश्वास आहे, एवढं होऊनही. म्हणून माझ्या हातावर तिचा जीव ठेवायला मी भितो.

तुझ्याइतका संशयी माणूस साऱ्या आल्ब डोंगरात मिळायचा नाही. नव्या पंखाच्या परीक्षेलाही घोड्या मी बुटक्याच ठेवतो. तू ये. वाटलं तर टोक टेकव, मी शब्दानं विचारणार नाही.

टोक सोडून तुझी वाट पाहणारा,
ओटमार