‘येतो’ म्हणजे जातो

रविवार, सकाळचे दहा

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा हेच जास्त कुरकुरतात. लेकीची परीक्षा संपली आणि ती आता दुपारी बारापर्यंत झोपते. तुझ्या दातांचं काम झालं असं मावशीकडून कळलं. झालं ना नीट? भावजींना माझा नमस्कार सांग.

हाताने लिहायची सवय गेली आहे. अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला झालं असेल, चालवून घे. लहानपणी माझी शुद्धलेखनाची वही तूच लपून लिहून द्यायचीस, तेव्हा थोडा दोष तुझाही आहे.

ऑफिसात गेला महिना मोठा गमतीचा गेला, म्हणून म्हटलं तुला लिहावं. तुला आठवतच असेल, आमचं काम म्हणजे लिफ्टची देखभाल. बासष्ट माणसं शहरभर पांगलेली असतात आणि कोण कुठे गेला, कुणाचं काम झालं, हे सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये चालतं. दिवसाला चारशेच्या वर मेसेज. ते वाचून कामं वाटायची ही माझी नोकरी. त्यात कामाचं थोडं, बाकी जेवलात का, पान्हा कुणी नेला, असलं.

तर आमच्या साहेबांच्या सूनबाईंनी, त्यांना आम्ही धाकट्या बाई म्हणतो, त्या ग्रुपला एक जोड आणली. एआय. दर तासाला सगळ्या मेसेजचं चार ओळींत सार काढून देणार, विचारलं तर उत्तर देणार, गिऱ्हाइकाला पत्र लिहून देणार. महिनाभर फुकट, नंतर माणशी पैसे. माणशी म्हटलं तर किरकोळ, पण बासष्टांनी गुणलं की साहेबांच्या भुवया वर. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “महिनाभर वापरा आणि मला सांगा, घ्यायचं की नाही. तुम्ही उगाच कौतुक करणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.” हे कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण खिशात रुमाल नसेल पण पट्टी असतेच, त्यांनी त्या एआयचं पहिल्याच दिवशी बारसं केलं. नाव ठेवलं चिटणीस. तेच रुजलं.

खोटं कशाला बोलू, चिटणीस हुशार आहे. एका लिफ्टचं दार बंद होता होता परत उघडायचं, तिघांनी डोकं फोडलं. चिटणिसाला विचारलं, तर त्याने दोन वर्षांपूर्वीचा मेसेज काढून दिला. त्याच इमारतीत, त्याच दाराच्या खाचेत तेव्हा बाटलीचं झाकण अडकलं होतं. या वेळीही झाकणच निघालं. आणि गिऱ्हाइकांना अशी गोड पत्रं लिहायचा की भांडायला आलेली माणसं आभार मानून जायची. मी त्याच्यावर खूश होते, ताई. फार खूश होते. संध्याकाळी साडेपाचला माझं टेबल साफ असायचं.

आता गुरुवारचं सांगते.

आमच्याकडे लिफ्टच्या तळाला खड्डा असतो, तळमजल्याच्याही खाली, माणूसभर खोल. तिथे उतरून काम करायचं असलं की आधी ग्रुपवर लिहायचं, वर आल्यावर पुन्हा लिहायचं. यासाठी वेगळा ग्रुपच आहे, नावही खड्डा. बाकीचे ‘उतरतो’ असं लिहितात. मोजपट्टी मात्र गेली कित्येक वर्षं लिहितात, ‘बरं मंडळी, येतो.’ खड्ड्यात उतरतो म्हणायला जीभ रेटत नाही, कामाला निघताना माणूस येतोच म्हणतो, हे त्यांचं म्हणणं. मी उत्तर देते, ‘या.’ माझ्या वहीत दोन रकाने आहेत, एक गेल्याचा आणि एक आल्याचा. पाऊण तासात त्यांचं ‘आलो’ दिसलं नाही की मी फोन करते. पण या महिन्यात खड्ड्याचा ग्रुपही चिटणिसाकडे होता आणि वही कपाटात होती.

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मोजपट्टींनी लिहिलं, ‘बरं मंडळी, येतो.’ तीन वाजता चिटणिसाचं सार आलं: मोजपट्टी यांचे काम झाले असून ते कार्यालयात येत आहेत.

बघ हं. त्याने ध चा मा केला नाही. शब्द तोच ठेवला आणि अर्थ त्याला दिसला तसा लावला. आपण जाताना येतो म्हणतो हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं होतं? मी सार वाचलं, त्यांच्या नावापुढे काम झाल्याची खूण केली आणि चहा घेतला.

पावणेपाचला मी साहेबांसाठी अहवाल लिहायला बसले. वाचलेला वेळ किती, हे आकड्यात दाखवायचं होतं. म्हणून दिवसभराचे मूळ मेसेज उघडले आणि मोजायला लागले, की एवढे मला वाचावे लागले नाहीत. मोजता मोजता खड्ड्याच्या ग्रुपवर आले. तिथे ते वाक्य होतं. खाली काहीच नव्हतं. ‘आलो’ नव्हतं. माझं ‘या’ही नव्हतं.

चिटणिसाला विचारलं, मोजपट्टी कुठे आहेत? त्याने अदबीने सांगितलं, ते कार्यालयाकडे येत आहेत. फोन लावला, वाजत राहिला. मग त्या इमारतीच्या रखवालदाराला लावला. तो म्हणाला, दुपारपासून ऑफिसं बंद आहेत, मी फाटकावर आहे, ते केव्हाच गेले असतील. मी म्हटलं, ते गेलेले नाहीत, आत जा, तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं असेल तिथे हाक मार, आणि फोन चालू ठेव. त्याच्या चपलांचा आवाज येत होता. त्याने हाक मारली. मग लांबून, खालून, मोजपट्टींचा आवाज आला, “आहे. ओरडू नकोस.”

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. टेबलावर डोकं ठेवून रडले मी, सगळ्यांसमोर.

झालं होतं असं की शिडी सरकली, पाय मुडपून ते खाली बसले. फोन वर कडेला पिशवीत होता. लिफ्टची वीज त्यांनी स्वतः बंद केली होती, त्यामुळे दुसरं काही भय नव्हतं. पण अडीच तास, ताई. घोट्याचं हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. बाकी ठणठणीत आहेत. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते प्लास्टरची जाडी पट्टीने मोजत होते.

आता एक सांगायचं राहिलं. वर मी ‘खड्ड्याचा ग्रुपही चिटणिसाकडे होता’ असं लिहिलं, जसं काही तो आपला आपण चालत गेला. धाकट्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की खड्ड्याच्या ग्रुपला हात लावू नका. दुसऱ्या आठवड्यात मीच चिटणिसाला त्या ग्रुपमध्ये घातलं. वही मीच कपाटात ठेवली. पाऊण पाऊण तासाने घड्याळ बघायचा कंटाळा आला होता. आणि सगळं कसं सुरळीत चाललंय असा अहवाल द्यायचा होता. हे साहेबांना सांगायच्या आधी मी दवाखान्यात मोजपट्टींना सांगितलं. मला वाटलं, आता हे तोंड फिरवतील.

ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही वाचलंच नव्हतं?”

“नव्हतं,” मी म्हटलं.

“मग बरं झालं. उतरण्याआधी थांबलो होतो थोडा, तुमचं ‘या’ येईल म्हणून. आलं नाही. खाली बसल्या बसल्या तेच डोक्यात होतं, की बाई कशावरून रागावल्या माझ्यावर?”

पाय मोडलेला माणूस, अंधाऱ्या खड्ड्यात बसलेला, आणि त्याला काळजी कसली, तर मी रागावले की काय याची. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उठून पाणी आणायला गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. तिथे मला तू आठवलीस.

गंमत म्हणून लिहायला घेतलेलं हे पत्र गमतीचं नाही, हे तुला एव्हाना कळलंच असेल. शहाण्याला शब्दाचा मार, आणि आपल्या दोघींत शहाणी पहिल्यापासून तूच.

बाबा गेल्यानंतरचा तो पंधरावा दिवस. त्यांची खुर्ची तू शेजारच्या आजोबांना देऊन टाकलीस, मला न विचारता. खुर्ची मोडकीच होती आणि आजोबांना ती हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणाले, “तुझं काय, तू चार दिवसांची पाहुणी.” ज्या घरात तू माझ्या आधी जन्मलीस, त्या घरात. तू बॅग भरलीस. दारात चप्पल घातलीस, पट्टा नीट लागलेला असूनही पुन्हा काढून लावलास आणि म्हणालीस, “येते.”

मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मान वर केली नाही. ‘ये’ म्हटलं नाही.

मोजपट्टींचं मी वाचलं नव्हतं. तुझं मी ऐकलं होतं, ताई. नीट ऐकलं होतं. तू किती वेळ थांबलीस तेही मला माहीत आहे, कारण मी त्या वेळात तीन टॉवेलांच्या घड्या घातल्या.

त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं की येते म्हणाली आणि आली नाही, म्हणजे दोष तिचा. ‘ये’ म्हटल्याशिवाय कुणी कसं येईल, हे मला एका माणसाचा पाय मोडल्यावर कळलं.

आणखी एक, तेही सांगून टाकते. गेल्या महिन्यात तुझ्या वाढदिवसाला मी पाठवलेला तो लांबलचक मेसेज मी लिहिला नव्हता. चिटणिसाने लिहिला होता. मी फक्त सांगितलं, मोठ्या बहिणीला, जरा प्रेमळ. तुझं उत्तर आलं, ‘छान लिहिलंस गं.’ त्या ‘गं’ने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पुन्हा तसं करणार नाही, कानाला खडा. हे पत्र वेडंवाकडं असेल, पण सगळं माझंच आहे.

शुक्रवारी अहवाल दिला. माझी चूकही पहिल्याच पानावर लिहिली. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी म्हणत होते. साहेबांनी दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे घ्यायचं की नाही?” मी म्हटलं, तक्रारींच्या टेबलावर आम्हा चौघांना घ्या, पैसे वसूल होतील. बासष्टांना नको. खड्ड्याच्या ग्रुपला फुकट दिला तरी नको. धाकट्या बाई म्हणाल्या, त्याला ‘येतो’चा अर्थ शिकवता येईल. मी म्हटलं, जरूर शिकवा, पण ‘या’ मीच म्हणणार. साहेब हसले नाहीत, पण भुवया खाली आल्या. उरलेल्या पैशांत खड्ड्याच्या कामावर दोन-दोन माणसं पाठवायची ठरली आहेत. मला काढलं नाही. चार शब्द सुनावले, ते मी निमूट ऐकले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. वही पुन्हा टेबलावर आली आहे.

पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे, सोमवारचीही मागून घेतली आहे. सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू ‘कशाला उगाच दगदग’ म्हणाली असतीस आणि मी ते खरं धरलं असतं. माझ्यासाठी काही करू नकोस. स्वयंपाकघरात माझ्यापुरता एक पाट मागच्या बाजूला टाक, आपण बसू. भांडायचं असलं तर भांडू, मला तीन दिवस आहेत.

हे पत्र मिळालं की फोनवर एक शब्द टाक. एकच. मोठं काही लिहू नकोस, मी मूळ मेसेज वाचते आता.

आणि खालच्या शब्दाचा अर्थ या वेळी चिटणिसाने लावला होता तसाच लाव.

येते.

तुझी,
चार दिवसांची पाहुणी