पायाळूची कंबर

माय,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता कंबरेत स्क्रू घेऊन फिरतो, हे तुला कळवायचं राहिलं.

मी पायांकडून जन्मलो, पायाळू. बोलता येण्याआधीच पोराला धंदा लागला, असं तू हसून सांगायचीस. पायाळूच्या लाथेने धरलेली कंबर सुटते म्हणतात, म्हणून कोणाची कंबर धरली की तो सकाळीच आपल्या दारात यायचा, ओसरीत पालथा पडायचा, आणि तू मला झोपेतून उचलून माझा उजवा पाय त्याच्या पाठीवर मारायला लावायचीस. थेट सिंदेवाहीहून लोक यायचे. एकदा आमचे गुरुजी आले. त्यांना मी जरा जोरातच हाणली. उठून म्हणाले, "बरं वाटून राह्यलं." त्या लाथेचं समाधान मला अजून आहे.

गावात सगळ्यात वाईट कंबर तुझीच होती. तलावात वाकून झिंगे धरायचे, धानाच्या रोवण्यात वाकायचं, मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायचं. संध्याकाळी तू चुलीपुढून उठतेस, आधी हात जमिनीला, मग भिंतीला. मी म्हणतो, "माय, झोप ना पालथी. मी मारतो."

"मायले पाय लावते का रे कोणी? पाप लागन तुले."

"गुरुजीले त लावला!"

"गुरुजीनं पैदा नाई केलं तुले."

मग तू भात वाढतेस, उभ्यानेच, कारण पुन्हा बसलं तर उठवणार नाही. शेवटी तर तुला पाठ टेकून झोपताही येत नव्हतं. तिरडीवर तुला सरळ निजवलं तेव्हा मला बरंच वाटलं.

पुढे मी कंडक्टर झालो. एटापल्लीच्या गाडीत उभं राहून माझीही कंबर गेली. दुसरा पायाळू शोधून लाथही खाल्ली, काही झालं नाही. मग उजवा पाय बधिर व्हायला लागला. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. खालच्या मणक्यांमधली गादी झिजली होती, मणका सरकून नस दाबली गेली होती. बारीक छेदातून दुर्बीण घालून ते गादी काढणार, तिच्या जागी छोटा पिंजरा ठेवणार, स्क्रूंनी मणके धरून ठेवणार, म्हणजे पुढे हाड जुळून एक होईल. "नाही केलं तर पाय लुळा पडेल," ते म्हणाले, "केलं तरी पूर्ण परत येईलच असं नाही." मी विचारलं, आईचंही हेच असेल का? "असेल. त्यांना दाखवलं नव्हतं?" तेव्हा हे इलाज नव्हते, असं मी म्हणालो. ते खरंच आहे.

ऑपरेशननंतर नर्सबाईंनी तळव्याला कापूस लावला. "लागते का, भाऊ?" नव्हतं लागत. बरेच दिवस नाहीच लागलं. नोकरी गेली, असं मी धरून चाललो होतो. मग एका सकाळी न्हाणीत तांब्या कलंडला आणि पायावर पाणी पडलं. गार लागलं. मी भिंत धरून रडलो.

सरकलेला मणका लाथेने जागेवर जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. अजूनही कोणी दारात येतं, तर मी त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवतो. पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. त्या सकाळी पायाला गार लागलं तेव्हा नोकरी, चालणं, काहीच मनात आलं नाही. तू समोर असतीस, तर पाप लागलं असतं तरी मी तुझ्या पाठीला पाय लावला असता. आणि माय, तुला बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.